जळगाव सोडून चाकणला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३०, मेकॅनिकलचा डिप्लोमा, जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, सव्वाचार वर्षं झाली, हातात २१,५०० पडतात. पत्नी खासगी शाळेत शिकवतात, त्यांचे ९,०००. घरखर्च २२,०००, म्हणजे महिन्याला ८,५०० शिल्लक. मुलगी चार वर्षांची. आईवडील यावल तालुक्यात गावी, तीन एकर केळी, वडील एकसष्ट वर्षांचे. आता गाड्यांचे प्लास्टिक पार्ट करणाऱ्या कंपनीची पुण्याची ऑफर हातात आहे, प्लांट चाकणला, वर्षाची सीटीसी ५,४०,०००. तुम्ही विचारता, ‘पगार दुप्पट होतोय, सगळं बिऱ्हाड घेऊन जावं का?’

भाऊ, पगार दुप्पट होत नाहीये. आधी तेवढं मोकळं करू, मग पुण्याकडे वळू.

५,४०,००० ला बाराने भागलं की ४५,००० येतात, आणि बहुतेक जण तोच आकडा घरी सांगतात. पण सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. मूळ पगार निम्मा, म्हणजे २२,५०० धरा. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, २,७००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, साधारण १,०८०. व्हेरिएबल पे १० टक्के असेल तर ४,५००, जो वर्षाअखेरी मिळतो आणि कंपनीचं वर्ष वाईट गेलं तर मिळतही नाही. मेडिक्लेमचे ५०० धरा. एवढं गेल्यावर पगारपत्रकावर ३६,२०० उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,७००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), कॅन्टीन आणि बसचे मिळून ८०० च्या आसपास. हातात पडणार ३२,५००. या पगाराला नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही, तेवढं एक बरं.

हे आकडे मी नेहमीच्या ऑफरच्या साच्यावरून मांडले आहेत. तुमच्या पत्रात फोड वेगळी असेल. म्हणून एचआरला एकच मागा: ‘महिन्याची अंदाजे सॅलरी स्लिप काढून पाठवा.’ चांगली कंपनी दहा मिनिटांत पाठवते. टाळाटाळ झाली तर पगारात व्हेरिएबलचा वाटा मोठा आहे असं समजायला हरकत नाही. दुसरं, पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे ते बघा. गेटवर नाव एका कंपनीचं आणि नेमणूक कॉन्ट्रॅक्टरची, हा प्रकार चाकणच्या पट्ट्यात सर्रास चालतो. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर बिऱ्हाड हलवायचा विचार आजच थांबवा.

आता ‘पुणे’ म्हणजे काय ते. २०२१ साली २३ गावं जोडल्यावर एकट्या पुणे महापालिकेचं क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबई महापालिकेपेक्षाही जास्त. त्याला लागून पिंपरी-चिंचवड. आणि कारखाने बहुतेक या दोन्हींच्या बाहेर. ऑफर लेटरवर ‘पुणे’ लिहिलेला प्लांट चाकणला असतो, तळेगावला असतो, शिरूर तालुक्यात रांजणगावला असतो, दौंड तालुक्यात कुरकुंभला असतो. शिरवळ तर सातारा जिल्ह्यात येतं. मेट्रोचं ऐकून कोणी बेत करत असेल तर तिचे चालू मार्ग पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी असे आहेत, चाकणला ती जात नाही.

त्यामुळे अशा पसरलेल्या शहरात माणूस शहरात राहायला जातच नाही. कंपनीचं गेट, घराचं दार आणि मधला रस्ता, एवढंच त्याचं शहर. जायचं की नाही हे ठरवताना तोलायची गोष्ट तीच आहे. आपल्याकडे पिंप्राळ्याहून एमआयडीसीला बाइकवर निघालेला माणूस वीस मिनिटांत मशीनपाशी असतो, दुपारी मुलीला ताप आला तर घरीही येऊन जातो. तिथे ही सोय विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत भाड्यात मोजतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. मावसभाऊ कात्रजला आहे, ओळखीचं घर मिळतंय, म्हणून माणूस कात्रजला उतरतो आणि नोकरी चाकणला करतो. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. एका बाजूचे दोन तास धरा. आठ तासांची शिफ्ट बारा-साडेबारा तासांची होते, सहा महिन्यांत पाठ धरते आणि वर्षाच्या आत राजीनामा. नात्याचा आधार पहिल्या पंधरा दिवसांपुरता घ्यावा, घर मात्र गेटच्या हिशेबाने बघावं.

चाकण एमआयडीसीसुद्धा एका जागी नाही. गेट निघोजे किंवा कुरुळीला असेल तर मोशीत राहणं सोयीचं. खालुंब्रे, सावरदरीला असेल तर तळेगावच्या बाजूने बघा. वासुली, भांबोली, वराळे या बाजूला असेल तर मोशीचं घर घेऊ नका. रोज नाशिक महामार्गावरून येऊन चाकणच्या आंबेठाण चौकातून किंवा तळेगाव चौकातून निघावं लागेल, आणि शिफ्ट बदलायच्या वेळी या दोन चौकांत कंटेनरच्या रांगेत अडकलेली बस तासभरही हलत नाही. तिथे नोकरी असेल तर चाकण गावातच राहा. गाव धुळीचं आहे, शाळा कमी आहेत, पण भाडं कमी आहे आणि दिवसाचे दोन तास हातात राहतात.

कंपनीची बस आहे का, एवढंच विचारून भागत नाही. कोणत्या मार्गाने जाते, तुमच्या घरापासून किती अंतरावर थांबते, आणि दुसरी शिफ्ट रात्री सुटल्यावरही येते का, हे विचारा. रात्री साडेअकराला चाकणहून परतायला दुसरं भरवशाचं साधन नसतं.

आता घरखर्च. बिऱ्हाड मोशीत टाकलं असं धरू. वन बीएचके १२,५००, सोसायटीचा मेंटेनन्स १,५००. किराणा ६,५००, दूध-भाजी ५,५००, लाइट-गॅस-फोन २,५००, पेट्रोल २,०००, मुलीची शाळा आणि व्हॅन ४,०००, गावी जाण्यायेण्याचे महिन्याला सरासरी २,७००, किरकोळ ४,०००. बेरीज ४१,२००. हातात ३२,५००. दर महिन्याला ८,७०० ची तूट, आणि पत्नीचे ९,००० बंद झालेले. जळगावात ८,५०० शिल्लक टाकणारं घर तिथे तेवढ्याच रकमेने खाली जातं.

किराणा, दूध-भाजी एवढी का वाढवली असं वाटेल. तुमच्या २२,००० मध्ये दिसत नाही असा एक मोठा आकडा आहे, तो गावाकडून येतो. वर्षाचे गहू, दादर ज्वारी, तूर, उडीद तिकडेही नेता येईल, ट्रॅव्हल्सच्या डिकीत पोती जातातच. पण आठ-पंधरा दिवसांनी येणारी भरताची वांगी, मिरची, मेथी, उन्हाळ्यातले बिबडे-कुरडया, आणि मुख्य म्हणजे शाळा सुटल्यावर मुलीला सांभाळणारी आजी, हे सगळं तिथे रोख पैशाने घ्यावं लागतं. पाळणाघराचे ४,००० धरा. पत्नीला मोशी-चाकणला शाळेत १२,००० मिळाले तरी घरात ८,०००च येणार. आणि शाळांची भरती मार्च ते जूनमध्ये होते. ऑक्टोबरात गेलात तर त्यांचे सहा-आठ महिने नोकरीविना जातील हे धरून चाला.

उलट बाजूने मांडू, म्हणजे कंपनीशी बोलायला आकडा मिळेल. चाकण गावात राहिलात, भाडं-मेंटेनन्स ९,००० त बसलं, तर खर्च ३६,२०० वर येतो. जळगावइतकेच ८,५०० शिल्लक पडायला ४४,७०० लागतात. त्यातले ८,००० पत्नीच्या नोकरीतून आले तर तुमच्या हातात ३६,७०० पडायला हवेत. म्हणजे सगळं जुळून आलं तरी आजची ऑफर ४,२०० ने कमी आहे. एचआरकडे सीटीसी वाढवून मागू नका, ‘फिक्स्ड पे वाढवा’ म्हणा. पुष्कळदा ते व्हेरिएबल फिक्स्डमध्ये वळवून देतात. त्यात कंपनीचा एकूण आकडा बदलत नाही, त्यामुळे वरच्या सहीची गरज पडत नाही. तुमच्या बाबतीत तेवढं झालं तरी तफावत जवळपास भरून निघते.

एकट्याने गेलात तर? रूम शेअर ३,५००, मेस ३,५००, पेट्रोल १,५००, महिन्यातून एकदा घरी १,०००, वरखर्च २,०००; एकूण ११,५००. तुमचा जेवणाचा आणि पेट्रोलचा खर्च कमी झाल्यावर जळगावचं घर १८,५०० त चालतं. दोन पगार मिळून ४१,५००, त्यातून ३०,००० गेले, उरले ११,५००. म्हणजे बायको-मुलीपासून दूर राहून महिन्याला ३,००० जास्त. नुसत्या पैशासाठी याची शिफारस मी कधीच करणार नाही.

मग जायचंच नाही का? तसं नाही. इथे माझा निर्णय एका गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे काम काय आहे. तुमचा आजचा अनुभव एक्स्ट्रुजनचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यातून सलग बाहेर ढकलण्याचा. पाइप, चटई, ठिबकच्या नळ्या या जळगावच्या धंद्यात त्याला मान आहे, पण मालकांची संख्या मर्यादित आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे पगार एका पट्टीच्या वर जात नाही. गाड्यांच्या पार्टचं काम इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात दाबून भरण्याचं. तिथे जर तुम्हाला प्रोसेस सेटिंग, मोल्ड ट्रायल, टूल रूमशी समन्वय किंवा क्वालिटीत नियंत्रण आराखडा आणि ग्राहकाच्या ऑडिटचं काम मिळणार असेल, तर तीन वर्षांनी तुमची किंमत बदलते. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं ऑडिट हाताळलेला माणूस चाकण, तळेगाव, वाळूज, साणंद कुठेही चालतो. पण पदाचं नाव ‘सीनियर सुपरवायझर’ आणि काम मात्र माणसं मोजायची, शिफ्टचा आकडा भरायचा, गैरहजेरी झाली की दुसरीकडून हेल्पर आणायचा, असं असेल तर तुम्ही आज करता तेच काम महाग गावात करणार.

मुलाखतीत हे कसं काढायचं? तीन प्रश्न विचारा. माझा रिपोर्टिंग बॉस प्रॉडक्शनचा की प्रोसेसचा? मोल्ड चेंज झाल्यावर पॅरामीटर कोण सेट करतं आणि त्या शीटवर सही कोणाची असते? आधीचा माणूस या जागेवरून कुठे गेला? दुसऱ्या प्रश्नाला ‘सेटर करतो, तुम्ही बघायचं’ असं उत्तर आलं तर ती जागा देखरेखीची आहे, शिकण्याची नाही.

होकार देण्याआधी एक फेरी स्वतः मारा, आणि रविवारी मारू नका. रविवारी चाकणचा रस्ता मोकळा असतो, घर दाखवणाराही निवांत असतो, त्या दिवशी काहीच कळत नाही. सोमवारी पहाटे ज्या भागात राहायचा विचार आहे तिथून पहिल्या शिफ्टच्या वेळेला निघा आणि गेटपर्यंत घड्याळ लावून जा. दुपारी शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबा. माणसं बाहेर येतात तेव्हा दोन-तीन जणांना विचारा: पगार कोणत्या तारखेला होतो, ओव्हरटाइम दुप्पट देतात का, की ‘कॉम्प-ऑफ घ्या’ म्हणजे बदली सुट्टी घ्या म्हणतात, प्रोबेशन संपल्यावर पत्र किती महिन्यांनी मिळतं. त्या गर्दीत यावल, चोपडा, पारोळ्याचा एखादा भेटतोच, आणि तो आपल्या माणसाला खरं सांगतो. संध्याकाळी दोन घरं बघा आणि वॉचमनला पाण्याचं विचारा. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. जळगावकराला ते नवं नाही, पण नव्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्सच्या वर येतात.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून. १२,५०० भाडं, ३७,५०० डिपॉझिट, ११ महिने, याचे होतात साधारण ३५० रुपये, अधिक शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन अंगठे घेण्याचे वेगळे पैसे लावतो. नोटरीच्या कागदावर भागवून घेऊ नका. मुलीचा प्रवेश पुढे आरटीईतून (खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागांवर) करायचा झाला तर राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच चालतो, तोही अर्ज भरण्याआधीचा.

डिपॉझिट, दलालाचं एक महिन्याचं भाडं, जळगावहून टेम्पो, शाळेचा प्रवेश, असे मिळून पहिल्या महिन्यातच एक लाखाच्या आसपास जातात. शिवाय तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नये, कारण प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी नोटीस कमी असते. पहिली दोन वर्षं फ्लॅट बुक करायचा नाही. कंपनी बदलली की गेट बदलतं, आणि फ्लॅट उचलून नेता येत नाही.

तारखेबद्दल एक महत्त्वाचं. तुमची सव्वाचार वर्षं झाली आहेत. ग्रॅच्युइटीला पाच लागतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० असेल तर १४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ४०,००० च्या वर रक्कम होते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं असा अर्थ काही उच्च न्यायालयांनी लावला आहे, पण त्यासाठी भांडत बसावं लागू शकतं. भरवसा पूर्ण पाच वर्षांवर ठेवा. नवी कंपनी नऊ महिने थांबणार नाही हे खरं. म्हणून ही रक्कम जाण्याच्या खर्चात धरा. पीएफ मात्र काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

वाळूज, शेंद्रा, बिडकीन या बाजूला अर्ज टाकले का? छत्रपती संभाजीनगर जळगावहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, नाशिक अडीचशेच्या आसपास. पुणे चारशे. मोल्डिंगचं काम तिथेही आहे. पगार तीन-चार हजारांनी कमी असला तरी भाडं कमी आणि शनिवारी रात्री निघून घरी पोचता येतं.

हे घरी पोचणं तुमच्या बाबतीत कळीचं आहे, कारण मागे केळी आहे. कपाशी असती तर मी एवढा जोर दिला नसता. केळीला व्यापाऱ्याचा फोन सकाळी येतो आणि कटाई दुसऱ्या दिवशी असते. भाव ठरवताना, घड मोजताना, वजनाच्या वेळी घरचा माणूस उभा लागतो. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत पंपावर कोणी जायचं? मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर विम्याची सूचना, पंचनामा, फोटो हे काही दिवसांतच करावं लागतं. आज तुम्ही जळगावहून तासा-दीड तासात शेतात असता. चाकणहून रात्रभराचा प्रवास, आणि पहिल्या सहा महिन्यांत रजा जवळजवळ नसते. दिवाळी, आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातली कानबाई यांची तिकिटं रेल्वेच्या ६० दिवसांच्या मुदतीत काढून ठेवता येतील. कटाईचं तिकीट आधी काढता येत नाही.

म्हणून वडिलांशी बोला, पण ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका. ते ‘जा’ म्हणणार. विचारा की रात्रीचं पाणी कोण देणार, कटाईला कोण उभं राहणार, आणि सालदार ठेवायचा तर त्याचे पैसे कोण देणार. बटाईने द्यायची असेल तर कोणाला, हेही नावानिशी ठरवा. सालदाराचा खर्च तुमच्या पगारातून जाणार असेल तर वरच्या हिशेबातले ३६,७०० तेवढ्याने वाढवून मागा.

माझा सल्ला आजच्या कागदावर असा: ५,४०,००० च्या या फोडीवर कुटुंबासह जाऊ नका. काम प्रोसेसचं किंवा क्वालिटीचं आहे हे पत्रात लिहून आलं आणि हातात ३७,००० च्या पुढे पडत असतील, तर आधी एकट्याने जा. मुलीचं शाळेचं वर्ष मोडू नका, पत्नीची नोकरी मार्चपर्यंत राहू द्या. प्रोबेशन संपून कायम केल्याचं पत्र हाती आलं की मेमध्ये टेम्पो भरा. आणि मृगबागेची लागवड जून-जुलैत असते. रोपांचं बुकिंग त्याच्या बऱ्याच आधी करावं लागतं. तीनही एकर लावायचं, की या वर्षी एकच एकर ठेवून बाकी रानात हरभरा-गहू घ्यायचा, हे वडिलांसोबत बसून रोपांची उचल देण्याआधी ठरवा.